चाळिशीनंतर पळायची आठ आठवड्यांची तयारी

(प्रभागसंघाच्या जानेवारी महिन्याच्या सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



8 मार्चला महिला दिनाच्या कार्यक्रमात तीन किलोमीटरची दौड ठेवायचं आपण मागच्या सभेत ठरवलं. नावं मागवली. गावागावातून याद्या आल्या. वाचल्या तर सगळी नावं मुलींची. कोणाची लेक, कोणाची पुतणी, दोन नव्या सुना. चाळिशीच्या पुढची एकही नाही. फोन करून विचारलं तर उत्तर एकच, "आम्ही कुठं पळावं बाई आता? गुडघे बोलायलेत."

मुलींनी पळावंच. पण ही दौड बचत गटाची आहे आणि आपल्या गटात बहुतेक जणी पस्तीस ते पंचावन्नच्या आहेत. म्हणून आज वह्या उघडायच्या आधी अध्यक्ष ताईंनी मला थोडा वेळ दिला आहे. मी तुमच्या लेकीच्या वयाची. संसार, शेती, पोरंबाळं यातलं मी तुम्हाला काय सांगणार? पण या वयात पळायला सुरुवात कशी करतात, एवढं मात्र नीट सांगते.

लता भगवान करे हे नाव तुमच्यापैकी काही जणींनी ऐकलं असेल. बारामतीजवळ राहणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या बाई. वयाची साठी ओलांडलेली. नवरा आजारी, तपासणीला पैसे नाहीत. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीला रोख बक्षीस आहे, असं त्यांना कळलं. नऊवारी नेसून, अनवाणी त्या पळाल्या आणि पहिल्या आल्या. पुढेही त्यांनी ती शर्यत जिंकली. त्यांच्या नावानंच 2020 साली सिनेमा निघाला. त्यात त्यांची भूमिका त्यांनी स्वतःच केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली.

ही गोष्ट सांगितली की सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवते. पण मला त्यात एक गोष्ट टोचते. बाई नवऱ्यासाठी पळाली म्हणून आपण तिचं कौतुक करतो. तीच बाई उद्या म्हणाली, "मला बरं वाटतं म्हणून मी सकाळी अर्धा तास पळते," तर आपणच म्हणू, "हिला घरात काम नाही का?" घरात कोणी आजारी पडल्याशिवाय बाईनं पळू नये का? आपल्या शरीरासाठी अर्धा तास काढायला दुसरं कारण कशाला पाहिजे?

आता तुमचे प्रश्न घेते. फोनवर जे आले तेच घेते.

पहिला प्रश्न. "दिवसभर शेतात राबतो, तो व्यायाम नाही का?" राबणं म्हणजे कष्ट आहेत, आणि ते मोठे आहेत. पण खुरपणीत, कापूस वेचणीत आपण तासन् तास वाकलेल्या असतो. कंबर आणि गुडघे झिजतात. चालण्या-पळण्यात शरीर सरळ असतं, श्वास एका लयीत चालतो, हृदयाला आणि फुप्फुसाला सराव होतो. आणि मोठा फरक असा की शेतातलं काम किती करायचं हे काम ठरवतं. पळायचं किती हे तुम्ही ठरवता. म्हणून ज्या दिवशी शेतात जड काम असेल त्या दिवशी पळायचं नाही. तो आरामाचा दिवस. पेरणीच्या आणि वेचणीच्या हंगामात आठवड्यातून दोनदा झालं तरी पुष्कळ.

दुसरा प्रश्न हळूच विचारला गेला, पण मी मोठ्यानं उत्तर देते. "पळाल्यानं पिशवी खाली उतरते म्हणतात." असं फक्त आपल्याकडेच म्हणत नव्हते. अमेरिकेतसुद्धा बायकांना हेच सांगून घाबरवायचे. 1967 मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर नावाची मुलगी पळत होती, तेव्हा शर्यतीच्या एका अधिकाऱ्यानं धावत येऊन तिच्या अंगावरचा नंबर ओढायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही, शर्यत पूर्ण केली. बोस्टनला बायकांना रीतसर भाग घ्यायला 1972 उजाडलं. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट 1984 मध्ये. तेव्हापासून जगभरात लाखो बायका पळाल्या. निरोगी बाईची पिशवी पळाल्यानं उतरत नाही.

पण जिचं अंग आधीच बाहेर येतंय, तिनं पळायचं नाही. आधी डॉक्टरला दाखवायचं, तोवर सपाट रस्त्यावर चालायचं. खोकताना, पळताना लघवी सुटते, असंही बऱ्याच जणींना होतं, बाळंतपणानंतर तर फारच. ही लाज वाटायची गोष्ट नाही. त्यासाठी व्यायाम आहेत, डॉक्टर आणि नर्सताई शिकवतात. विचारा.

आणि ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांच्यासाठी. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांचं सर्वेक्षण झालं, त्यात तेरा हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढल्याचं दिसलं. आपल्या अंबड, घनसावंगी भागातूनही जोड्या तोडीला जातात, हे तुम्हाला सांगायला नको. कमी वयात पाळी गेली की हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि पिशवीबरोबर अंडाशय काढलं असेल तर जास्तच. पायावर भार देऊन चालणं, झेपेल तसं हळू पळणं, यानं हाडं टिकायला मदत होते. म्हणजे अशा ताईंना चालण्या-पळण्याची गरज जास्त आहे. फक्त डॉक्टरला विचारून सुरुवात करायची.

तर पहिलं काम तपासणी. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तीन गोष्टी बघायच्या. रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं आहे. हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी. तसं असेल तर आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या घ्या. गोळी चहासोबत घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबाचं पाणी चालेल. रक्त फारच कमी असेल, छातीत दुखत असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत पळायचं नाही.

आता तयारी. ही बचतीसारखीच आहे. वर्षाची बचत आपण एका दिवशी भरत नाही. दर आठवड्याला थोडी थोडी टाकतो, म्हणून ती झेपते. पळण्याचंही तसंच. ज्या पहिल्याच दिवशी जोरात पळतात, त्या चौथ्या दिवशी गुडघ्याला तेल लावून घरी बसतात.

आठवड्यातून चारच दिवस, रोज अर्धा तास. एक दिवस पळायचं, एक दिवस आराम.

पहिले दोन आठवडे फक्त चालायचं. बाजाराला जाताना एसटी सुटायची वेळ झाली की जसं चालतो, तसं भरभर.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं. असं आठ वेळा.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात दोन मिनिटं पळायचं, दोन मिनिटं चालायचं.

सातव्या-आठव्या आठवड्यात चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं. तोवर 8 मार्च येईल आणि तीन किलोमीटर तुम्हाला जड जाणार नाही. एखादा टप्पा जमला नाही तर तो आठवडा परत करायचा. त्याला दंड नाही.

किती जोरात पळायचं, हे कसं कळणार? शेजारच्या बाईशी बोलत पळा. एक वाक्य न थांबता बोलता आलं तर वेग बरोबर. शब्दाशब्दाला धाप लागली तर कमी करा. आणि अख्खी ओवी गाऊन झाली तर मात्र थोडं वाढवा!

घालायचं काय? जी साडीत मोकळी असेल तिनं साडीत, जी ड्रेसमध्ये मोकळी असेल तिनं ड्रेसमध्ये. मेक्सिकोत रारामुरी नावाचे आदिवासी लोक आहेत. त्यांच्यातली मारिया लोरेना रामिरेझ 2017 मध्ये घागरा आणि साध्या सँडल घालून 50 किलोमीटरची डोंगरातली शर्यत जिंकली. कपड्यानं अडत नाही. पण पायात बूट हवेत. लताबाई अनवाणी पळाल्या ती त्यांची गरज होती, आपण त्याची हौस करू नये. चप्पल अडकून पडायला होतं, वाटेत काटे, काचा असतात. बुटासाठी गटातून अंतर्गत कर्ज मागायला लाजू नका. औषधाला आपण कर्ज देतोच की. बूट त्याच्या आधीचा खर्च आहे असं समजा.

खाणं घरातलंच. पळायच्या आधी पोट भरून खायचं नाही, गुळाचा खडा नाहीतर अर्धी भाकरी पुरे. आल्यावर भाकरीबरोबर वरण, उसळ, अंडं, शेंगदाणे यातलं काहीतरी पाहिजेच. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाल्लं तर हे जमणार नाही, हे स्पष्ट सांगते. पळणाऱ्या बाईचं ताट भरलेलं पाहिजे. आणि पाणी. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत घरी. आपल्या जालन्याचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहीत आहे.

एकटीनं जायचं नाही. तीन-चार जणींनी मिळून जायचं. शाळेचं मैदान सगळ्यात चांगलं. रस्त्यावर पळायचं असेल तर उजव्या बाजूनं, म्हणजे समोरची गाडी दिसते. सध्या उसाच्या ट्रॉल्या पहाटे चालू आहेत, त्यामुळे मोठ्या रस्त्यावर अंधारात अजिबात नाही. फिकट रंगाचे कपडे घाला. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबायचं, बसायचं आणि सोबतच्या बाईनं सोडून जायचं नाही.

आता काही जणींच्या मनात असेल, मॅरेथॉन म्हणजे नेमकं किती? पूर्ण मॅरेथॉन 42 किलोमीटर 195 मीटर. म्हणजे साधारण जालन्याहून बदनापूरला जाऊन परत यायचं, एवढं. अर्धी मॅरेथॉन त्याच्या निम्मी. चाळिशीत, पन्नाशीत सुरुवात करून तिथपर्यंत जाणाऱ्या बायका आहेत, पण घाईनं नाही. आधी तीन किलोमीटर, मग पाच, काही महिन्यांनी दहा. वर्षभर सातत्य राहिलं तर अर्ध्या मॅरेथॉनचा विचार करावा. पूर्ण मॅरेथॉन त्याच्याही पुढे. मोठ्या अंतराच्या तयारीत आठवड्यातून एकदाच लांब पळायचं असतं, बाकी दिवस थोडं थोडं. दर आठवड्याला थोडंसं वाढवायचं आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात कमी करायचं, म्हणजे शरीर सावरतं. वय वाढलं की दुखणं बरं व्हायला जास्त दिवस लागतात, म्हणून आपल्याला आराम जास्त घ्यावा लागतो. बाकी नियम विशीतल्या पोरीला आणि आपल्याला सारखेच.

शेवटचा अडथळा घरचा. "लोक काय म्हणतील" याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तुमच्याकडे आहे. पहिल्यांदा बचत गटाच्या बैठकीला निघालात तेव्हाही लोक बोललेच होते. दहा-पंधरा जणी नियमानं बसायला लागल्या, बँकेचं कर्ज आलं, फिटलं, तसं बोलणं कमी झालं. इथेही एकटीला बोलतील, पाच जणींना कमी बोलतील. आणि त्या अर्ध्या तासात चूल कोण बघणार, हे घरात बसून ठरवा. चहा नवऱ्यानं केला, दूध मुलानं काढलं, तर काही बिघडत नाही.

आता काम सांगते. प्रत्येक ग्रामसंघानं येत्या रविवारपर्यंत चाळिशीच्या पुढच्या किमान पाच जणींची नावं द्यायची. लेकीचं नाव राहू द्या, त्याच्या खाली स्वतःचं लिहा. सोमवारपासून आठवड्याभरात आशाताईंना सोबत घेऊन त्या पाच जणींची तपासणी करायची. सीआरपी ताईंनी वहीत एक पान वेगळं काढायचं. कोण किती दिवस गेली एवढंच लिहायचं, कोण किती जोरात पळाली ते लिहायचं नाही. दर पंधरा दिवसांनी मी गावात येईन तेव्हा ते पान बघेन, आणि त्या दिवशी सकाळी मीही तुमच्यासोबत असेन.

8 मार्चला पहिली येणारीला बक्षीस आहेच. पण आज अध्यक्ष ताईंनी एक जास्तीचं जाहीर केलं आहे. ज्या ग्रामसंघाच्या चाळिशीच्या पुढच्या सगळ्यात जास्त जणी, पळत असो की चालत, तीन किलोमीटर पूर्ण करतील, त्या ग्रामसंघाचा सत्कार होईल.

चला, आता वह्या काढा. आधी नावांचं पान, मग बचतीचं.