समुद्र पारखताना



एप्रिल-मे महिन्यात पहाटे चारच्या सुमाराला पुण्याच्या मार्केट यार्डात, गुलटेकडीच्या फळबाजारात, तुम्ही कधी आला आहात काय? कोकणातून हापूसच्या गाड्या येऊन लागलेल्या असतात. पेंढ्याचा आणि आंब्याचा वास एकमेकांत मिसळलेला असतो. मी तिथल्या एका गाळ्यावर हिशेब लिहितो, तेव्हा गिऱ्हाईक माल कसा घेते हे मला रोज दिसते. पेटी उघडल्याखेरीज कोणी खिशात हात घालत नाही. वरचा थर पाहून भागत नाही, हात खालच्या थरात जातो, देठाशी नाक लावले जाते, माल देवगडचा की आणखी कुठला याची चौकशी होते. एका पेटीसाठी एवढी पारख!

आणि अशा बाजारात वाढलेल्या आम्हीच मंडळींनी समुद्र मात्र पेटी न उघडता घेतला. त्याची ही हकीकत.

आंबा घेऊन येणारा एक गाडीवाला आम्हाला म्हणाला, "भाऊ, मालवणला पाण्याखाली नेऊन मासे दाखवतात, एकदा चला तर खरे." शनिवारी भाजीपाल्याच्या आणि फळांच्या बाजाराला सुट्टी. शुक्रवारी रात्री आम्ही अकराजण निघालो. महिना मे, आठवडा तिसरा. शाळांना सुट्या, आणि साऱ्या घाटमाथ्याने जणू त्याच शनिवारी कोकणात उतरायचे ठरवलेले. किनाऱ्यावर गेलो तेव्हा ऊन चढले होते. पैसे भरले, हातावर क्रमांक लिहून घेतला आणि तीन तास वाळूवर बसलो. आमच्यापैकी एकानेही दराखेरीज काही विचारले नाही. दर कमी करून मिळाला, याचाच आनंद!

पाण्यात गेलो तर खाली जत्रा. दहा-बारा माणसे एका खडकाभोवती. प्रत्येकाला मागून एक गाईड धरून, आणि सगळ्यांच्या पायांनी उडालेली रेती आमच्या काचेसमोर. मासे जवळ यावेत म्हणून कोणी पावाचा चुरा टाकत होते. मला दिसल्या त्या मुख्यत्वे दुसऱ्यांच्या टाचा. आमच्यातला एक हमाल, पन्नास किलोचे पोते पाठीवर सहज पेलणारा गडी, खाली जाताच घाबरला आणि वर चला म्हणून हात हलवू लागला. त्याला तोंडाने श्वास कसा घ्यायचा, हे किनाऱ्यावर घाईघाईत दोन मिनिटांत सांगितले होते. सात-आठ मिनिटांत आम्ही वर आलो.

आता या विद्येत आहे काय, ते थोडक्यात सांगतो. शिक्षक मंडळींना वर्गातही उपयोगी पडेल. पाठीवरच्या टाकीत प्राणवायू भरलेला असतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ती आपलीच साधी हवा, फक्त दाबून भरलेली. फ्रान्समध्ये १९४३ साली कुस्तो आणि गान्यां या दोघांनी अशी कळ बसवली की माणूस श्वास ओढील तेव्हाच, आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, नळीतून हवा यावी. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट झाला. तिथे छातीभर घेतलेली हवा, श्वास कोंडून वर आलात तर, फुगत फुगत दुप्पट व्हायला पाहते, आणि फुप्फुसाला इजा होते. म्हणून पहिला नियम: श्वास कधी कोंडायचा नाही. वर यायचे तेही सावकाश. कान दुखू लागले तर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची. नाही सुटले तर खाली जायचे नाही. सर्दी, दमा, हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मद्य घेतलेल्याने तर होडीतच चढू नये. हे शिकवायला दोन मिनिटे पुरत नाहीत, आणि रांगेत दोनशे माणसे उभी असली की दोनच मिनिटे मिळतात. गर्दीने नुसती करमणूक बिघडत नाही ती अशी.

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांना घेऊन परत येणारी एक नौका उलटली आणि दोघांचे प्राण गेले. हे आठवले म्हणजे होडीत चढताना माणसे मोजायची लाज वाटू नये. जाकीट अंगावर, बंद आवळलेले, असे असेल तरच बसावे.

पाण्याखालच्या खडकाचे काय, तेही पाहा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे खडक आणि पद्मगडाजवळचे पाणी १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले, सुमारे २९ चौरस किलोमीटर. तिथे प्रवाळ आहेत. प्रवाळ हा दगड दिसला तरी तो जिवंत प्राण्यांचा वाडा आहे, आणि त्यातल्या गोलसर दगडी जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात. एका माणसाच्या टाचेने मोडलेला तुकडा भरून यायला त्याचे मूल मोठे व्हावे लागते. उडालेली रेती बसली तरी तो गुदमरतो.

मग गर्दी बंदच करावी काय? हा प्रश्न मी परतताना होडीवाल्याला विचारला. तो मालवणीतच म्हणाला, "गर्दी नको म्हणतास, बरां. पण आमी काय खावचा?" त्याचेही खरे आहे. मासळी पूर्वीसारखी लागत नाही, म्हणून त्याने जाळे ठेवून पर्यटक घेतले. मे महिन्यात कमवायचे ते पावसाळाभर पुरवायचे. कारण मेअखेरीस हा धंदा बंद होतो तो ऑगस्ट सरेपर्यंत. त्याला गिऱ्हाईक हवेच, पण एकाच शनिवारी सगळे नको. डिसेंबरातल्या मंगळवारी त्याची होडी वाळूवर पडून असते, हे त्यानेच सांगितले. आमच्या बाजारातही असेच. आवक एकाच दिवशी आली की भाव पडतो आणि माल सडतो. तीच चार दिवसांत विभागून आली की शेतकऱ्यालाही बरे, गिऱ्हाइकालाही.

आशियातल्या दुसऱ्या देशांना हे शहाणपण बरीच किंमत देऊन आले. मलेशियात सिपादान नावाचे लहानसे बेट आहे, खोल समुद्रातून खांबासारखे वर आलेले. तिथे राहण्याची सोय झाली आणि गर्दी उसळली. अखेर २००४ साली बेटावरची सारी विश्रामगृहे उठवली आणि दिवसाला १२० जणांनाच परवाना द्यायचे ठरले. पुढे आकडा वाढवला, पण मोजणी सोडली नाही. थायलंडात माया बे म्हणून एक उपसागर आहे. एका इंग्रजी चित्रपटात दिसला आणि पुढे रोज हजारोंनी माणसे जाऊ लागली. जून २०१८ मध्ये तो बंद केला, तो थेट जानेवारी २०२२ मध्ये उघडला. आता होड्या आत जात नाहीत, मागच्या बाजूला लागतात, आणि दरवर्षी काही काळ त्याला पुन्हा विश्रांती देतात. त्या बंद काळात छोटे शार्क मासे परत आले. फिलिपिन्समधले बोराकाय बेट सांडपाण्याने इतके खराब झाले की २०१८ साली सहा महिने पर्यटकांना बंदच होते.

तेव्हा जागा कशी निवडावी? जागेचे नाव शेवटी पाहावे, आधी महिना पाहावा. मालवण-तारकर्लीला दिवाळीनंतर पाणी निवळू लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे, त्यातला नाताळचा आठवडा सोडून. दक्षिणेला कर्नाटकात मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला जाता येते. पाणी मालवणपेक्षा स्वच्छ, होडीचा पल्ला मात्र लांब. अंदमानात स्वराज द्वीप, ज्याला पूर्वी हॅवलॉक म्हणत, तिथे जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो. लक्षद्वीपला परवाना लागतो, म्हणून गर्दी कमी. पण २०२४ च्या उन्हाळ्यात तापलेल्या पाण्याने तिथले पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले, हे जाणून जावे. परदेशी जाण्याची ऐपत असेल तर थायलंडची एक गंमत ध्यानात ठेवा: त्या देशाला दोन समुद्र आहेत. पश्चिमेकडची सिमिलान बेटे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, आणि पूर्वेच्या आखातातले कोह ताओ त्या काळात चालू असते. अर्थात कोह ताओ हे नवशिक्यांचे मोठे पेठेचे ठिकाण, तिथेही पहाटेची पहिली होडी धरावी.

पहाटेचे महत्त्व सगळीकडेच. दुपारी वारा उठतो, लाटा येतात, रेती ढवळते आणि माणसेही जेवून बाहेर पडतात. किनाऱ्यावर गेल्यावर दर विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. एका गाईडकडे किती माणसे? पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटे? खडकावर एका वेळी किती होड्या? आणि आधी उथळ पाण्यात सराव देणार काय? नीट उत्तर मिळाले नाही तर उठून चालू लागा. आंब्याच्या बाबतीत आपण तेच करतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. ज्याला ही विद्या खरोखर शिकायची आहे त्याने तिथे चौकशी करावी. पाण्यात खडकाला हात लावू नये, त्यावर उभे राहू नये, आणि माशांना पाव घालण्यासाठी पैसे देऊ नयेत. खोल बुडी मारून आल्यावर निदान एक दिवस विमानात बसू नये. तसेच लगेच उंच घाट चढू नये, हेही जाणकार सांगतात. आपल्याकडे किनाऱ्यावरून घरी यायचे म्हणजे घाट आलाच, तेव्हा एक रात्र खालीच काढावी.

शाळेची सहल नेणाऱ्या गुरुजींना एक सुचवतो. लहान मुलांना पाण्याखाली नेण्याचा हट्ट नको. वेंगुर्ल्याजवळ मांडवीच्या खाडीत तिथल्या बायकांचा स्वामिनी बचत गट होडी वल्हवत कांदळवनातून फिरवतो. मासळीची पिल्ले कुठे वाढतात हे मुलांना तिथे समजते, आणि त्या वेळी पायाखाली कोणाचे प्रवाळ मोडत नाही.

आमच्या गाळ्यावरची मंडळी पुन्हा जाणार आहेत. घाबरलेला हमालही येतो म्हणाला. सध्या तो रोज संध्याकाळी तलावावर तोंडाने श्वास घ्यायचा सराव करतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार ठरला आहे. बुधवारी सकाळी पाण्यात, बुधवार-गुरुवारी मुक्काम खालीच, शुक्रवारी घाट. मालकांनी रजा दिली, पण अट घातली: रविवारच्या पहाटेच्या आवकेला सगळे गाळ्यावर हजर पाहिजेत.