भंगारातलं सोनं

टोकियो ऑलिम्पिकची पदकं जुन्या मोबाइलमधून घडली, हे अनेकांनी ऐकलं असेल. त्यामागचा हिशेब मात्र फारसा सांगितला जात नाही. जपानने 2017 ते 2019 या काळात सुमारे 79 हजार टन जुनी उपकरणं गोळा केली. त्यांत 62 लाखांवर मोबाइल होते. पदकांसाठी सोनं मिळालं 32 किलो. सरासरी काढली, तर टनामागे अर्धा ग्रॅमही नाही!

मग टनभर मोबाइलमध्ये शेकडो ग्रॅम सोनं असतं असं म्हणतात, ते खोटं आहे का? खोटं नाही, पण ते फक्त मोबाइलपुरतं. घाऊक ढिगात प्लास्टिक, लोखंड, वायरी यांचंच वजन जास्त. सोनं असतं सर्किट बोर्डावर, चिपमध्ये आणि कनेक्टरच्या टोकांवर, तेही मायक्रॉनमध्ये मोजावं इतक्या पातळ थरात. शिवाय मुरलेला भंगारवाला चांगले बोर्ड आधीच वेगळे काढून चढ्या भावाने विकतो. नवख्याच्या पदरी पडतो तो उरलेला माल.

बेल्जियममधल्या होबोकेनचा युमिकोर कारखाना बोर्ड भट्टीत वितळवतो, पण म्हणूनच एकट्या सोन्यावर विसंबत नाही. तांबं, चांदी, पॅलेडियम असे डझनाहून अधिक धातू तो काढतो.

दिल्लीच्या सीलमपूरमध्ये हेच काम छोट्या खोल्यांत आम्लाने चालत आलं आहे. तिथला नफा दिसतो, कारण कामगारांची फुप्फुसं आणि गटारात जाणारं आम्ल वहीत मांडलं जात नाही. भारतात 2023पासून लागू असलेल्या नियमांनुसार ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रणासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे.