गहाणवट आणि लिलाव



जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतल्या तिजोरीतून 46.91 टन सोने चार खेपांत विमानतळाकडे गेले. परकीय चलन जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान सुमारे 40 कोटी डॉलर द्यायला तयार होत्या. मात्र त्यासाठी सोने देशाबाहेर पाठवणे भाग होते. त्याआधी मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत 20 टन सोने परत विकत घेण्याची मुभा राखून स्वित्झर्लंडमधल्या बँकेला विकले गेले होते. घरातले सोने गहाण पडले की चारचौघांत मान खाली जाते, हे मराठी माणसाला समजावून द्यावे लागत नाही. त्या वर्षी देशाची तीच गत झाली. व्यवहार म्हणून मात्र तो चोख ठरला. वर्ष संपण्याआधी कर्ज फिटले.

ब्रिटनची गोष्ट अगदी उलटी.

7 मे 1999 रोजी, गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना, ब्रिटिश सरकारने आपल्या 715 टनांपैकी निम्म्याहून जास्त सोने विकण्याचा बेत जाहीर केला. कुणी गळा धरला नव्हता, सावकार दारात नव्हते. त्या वेळी भाव औंसाला 280 डॉलरच्या आसपास होता. मोठा विक्रेता येतोय हे कळताच बाजार घसरला आणि जुलैतल्या पहिल्या लिलावात 261.20 डॉलरच पदरी पडले. मार्च 2002 पर्यंत 17 लिलावांत सुमारे 395 टन सोने गेले, सरासरी 275 डॉलरने. बाजारातली मंडळी त्या तळाला आजही ‘ब्राउन्स बॉटम’ म्हणतात.

ब्राउन यांची टिंगल सोपी आहे. पण सोने तेव्हा वीस वर्षे रडतखडत चालले होते, व्याज देत नव्हते, आणि इतर मध्यवर्ती बँकाही ते विकत होत्या. डॉलर, युरो आणि येनमध्ये पैसा विभागण्याचा विचार वेडगळ नव्हता. फसली ती रीत: आधी दवंडी, मग विक्री.

1999 मध्ये भारताचा साठा ब्रिटनच्या निम्मा, म्हणजे सुमारे 358 टन होता. नोव्हेंबर 2009 मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 200 टन घेतले, औंसाला सुमारे 1,045 डॉलर मोजून. ब्रिटनने विकले त्याच्या जवळपास चौपट भावाने! ऑक्टोबर 2025 मध्ये भाव 4,000 डॉलरपलीकडे गेल्यावर तीही खरेदी स्वस्तातली वाटू लागली. मार्च 2025 अखेर भारताचे सोने 879.59 टन झाले. ब्रिटन 310 टनांच्या आसपासच थांबला आहे.

एवढ्यावरून भारत जिंकला, असे म्हणण्याची घाई नको. लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरील बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोऱ्यांत सोन्याच्या सुमारे चार लाख लगडी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक परक्यांच्या आहेत. स्वतःचे विकूनही ब्रिटन जगाच्या सोन्याचा राखणदार राहिला. भारताच्या सोन्याचाही मोठा हिस्सा तिथेच होता. 2022 मध्ये रशियाची परदेशातली गंगाजळी गोठवली गेल्यावर आपले सोने आपल्या हाताशी असावे, हा विचार अनेक देशांत बळावला. 2023-24 मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे 100 टन मायदेशी आणले, आणि मार्च 2025 पर्यंत 511.99 टन देशातल्या तिजोऱ्यांत होते. बाकीच्यातले बरेचसे अजून लंडनमध्ये आहे. सोने विकायचे किंवा त्यावर रोख उचलायची झाली, तर मोठा बाजार तिथेच भरतो.