आधी तिला दाखवा
(वाशिम जिल्ह्यातील महिला गटांच्या शिबिरात केलेले भाषण)



पूर्वी आपण पोस्टर रंगवायचो, पथनाट्य करायचो. आता आपल्या फिल्ममध्ये अक्षरं हलतात, चित्रं चालतात. याला मोशन ग्राफिक्स म्हणतात. ती करायची कशी, हे तुमच्यातल्या मुली माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी बोलणार आहे ती जपायची कशी आणि बाहेर जाण्याआधी पाहायची कशी, यावर.

माझीच चूक सांगते. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागावं, म्हणून आम्ही चार मिनिटांची फिल्म केली. शासनाची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ सालची, तरी कितीतरी बाया आजही दुसऱ्याच्या नावच्या शेतात राबतात. फिल्ममध्ये सातबारा उलगडायचा, त्यावर नाव उमटायचं. मध्ये रिसोड तालुक्यातल्या एका ताईचं बोलणं होतं. महिनाभराने ती आली. म्हणाली, "बाई, माह्यं तोंड काढा त्याच्यातून. भाऊ म्हन्ते, दारात पाय ठेवू नोको."

संगणक उघडला. 'नवीन', 'नवीन दोन', 'फायनल', 'खरं फायनल' अशा फाइलींचा ढीग. एक उघडली, तर चित्रांच्या जागी नुसते रंगीत पट्टे. आफ्टर इफेक्ट्ससारख्या प्रोग्रामच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्रीकरण नसतंच, ते कुठे ठेवलं आहे याचा पत्ता तेवढा असतो. आमचं चित्रीकरण एका पेनड्राइव्हवर होतं आणि तो सापडला नाही. तिचा तुकडा काढून फिल्म पुन्हा बांधता आली नाही. सगळी फिल्मच मागे घ्यावी लागली. मोबाइलवर गेलेल्या प्रती तर परत आल्याच नाहीत. त्याची किंमत त्या ताईने मोजली.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. एका फिल्मला एकच फोल्डर. त्यात चित्रीकरण, आवाज, चित्रं, फॉन्ट, प्रोजेक्ट फाइल आणि तयार फिल्म यांचे वेगळे कप्पे. फाइलच्या नावात तारीख, विषय आणि क्रमांक. 'फायनल' हा शब्द बंद. बाईचं नाव फाइलला कधीच द्यायचं नाही. कोण कोणत्या तुकड्यात आहे आणि तिने कशाला होकार दिला, हे वहीत लिहायचं आणि वही कुलपात ठेवायची. काम संपलं की 'कलेक्ट फाइल्स' ही आज्ञा द्यायची, म्हणजे वापरलेलं चित्रीकरण, आवाज, चित्रं एका जागी गोळा होतात. फॉन्ट मात्र आपण हाताने ठेवायचे. मग दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी.

आता पाहण्याविषयी. सेकंदाला २५ चित्रं धरली तर मिनिटाला १५०० होतात. जुना संगणक तिथेच अडतो. म्हणून चाल बघायची तर प्रीव्ह्यू अर्ध्या किंवा पाव स्पष्टतेवर ठेवा, काम भरभर होतं. अक्षरं मात्र पूर्ण स्पष्टतेवरच वाचा. मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडलेला नसेल, तर 'वाशिम'मधली वेलांटी भलतीकडे जाऊन बसते.

शेवटचा प्रीव्ह्यू तिचा, जिचा चेहरा आहे तिचा. फिल्म तिच्या मोबाइलवर पाठवायची नाही. आपण जायचं, ती एकटी असताना दाखवायची, पुन्हा विचारायचं. ती 'नाही' म्हणाली तर तुकडा काढायचा. तो काढता यावा, म्हणूनच एवढी शिस्त.

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात अत्याचार झालेल्या आदिवासी मुलीचं नाव देशभर झालं. न्यायासाठी आपल्या चळवळीनेही ते घेतलं. लढा झाला, १९८३ साली कायदा बदलला, आणि बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये ती तरतूद आहे. जमिनीबद्दल बोलणाऱ्या बाईला ते कलम लागू नाही. तिची काळजी आपणच घ्यायची आहे.

आज घरी गेल्यावर एक करा. गटाची शेवटची फिल्म उघडा आणि बघा, त्यातला एक चेहरा उद्या काढायचा झाला तर काढता येईल का? येत नसेल, तर नव्या फिल्मआधी ते काम हाती घ्या.