जाम झालेला जुना रेझर
किंग कॅम्प जिलेट यांच्या कंपनीने १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ सेफ्टी रेझर विकले. असे जुने पितळी रेझर जमवणारे हौशी आज जगभर आहेत. पण हाती येतो तो बहुधा जाम झालेला! आट्यांत साबणाचा आणि क्षारांचा थर घट्ट बसलेला असतो. पक्कड मात्र लावू नका. मुलामा खरवडतो, पोकळ दांड्याला तडा जातो. कोमट पाण्यात भांड्यांचा द्रव साबण घालून रेझर रात्रभर भिजवा. पुसून आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि रबरी हातमोज्याने हलकेच फिरवून बघा. नाही सुटला? पुन्हा भिजवा. व्हिनेगर नकोच. आणि हो, आत जुनं पातं असू शकतं, बोटं सांभाळा!