हप्ता कोणत्या महिन्यात येतो, ते आधी बघा

(नव्याने विमा एजंट झालेल्या गटातल्या सख्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



25 तासांचं प्रशिक्षण, मग 50 प्रश्नांचा पेपर. घरचं, शेतातलं, गटाचं काम सांभाळून तुम्ही पास झालात. मनापासून अभिनंदन!

आता स्पष्ट सांगते. तुम्हाला नोकरी लागलेली नाही, तुमचा स्वतःचा धंदा सुरू झालाय. एलआयसीच्या विमा सखी योजनेत पहिल्या वर्षी महिना 7,000, दुसऱ्या वर्षी 6,000 आणि तिसऱ्या वर्षी 5,000 रुपये मानधन आहे. चौथ्या वर्षी ते बंद. तिथून पुढे फक्त कमिशन. शिवाय अटी आहेत. पहिल्या वर्षी 24 पॉलिसी, म्हणजे महिन्याला दोन. आणि दुसऱ्या वर्षीचं मानधन हवं, तर पहिल्या वर्षीच्या 100 पैकी किमान 65 पॉलिसी चालू राहायला हव्यात.

ही दुसरी अट नीट ऐका. पॉलिसी एकदा काढून होते, पण हप्ता पुढची पंधरा-वीस वर्षं भरायचा असतो. तो मध्येच थांबला तर भरलेले सगळे पैसे काही परत मिळत नाहीत. नुकसान त्या बाईचं, आणि ती बाई तुमच्याच गल्लीतली. दर महिन्याला बैठकीत तुमच्या समोर बसणार आहे.

म्हणून पॉलिसीचं नाव सांगायच्या आधी विचारा, "ताई, घरात पैसा कधी येतो?" वार्षिक हप्ता घेतला, की ज्या महिन्यात पॉलिसी सुरू झाली त्याच महिन्यात तो दरवर्षी येतो. सोयाबीनवर घर चालणाऱ्या बाईची पॉलिसी टार्गेटपायी जूनमध्ये काढलीत, तर दर जूनला बियाणं, खत, पोरांची वह्या-पुस्तकं आणि वर हप्ता! ती कुठून भरणार? तिची पॉलिसी माल विकल्यावर, दिवाळीच्या आसपास सुरू करा. जिला दर दहा दिवसांनी दुधाचं बिल मिळतं, तिला मासिक किंवा तिमाही हप्ता झेपतो. तारीख चुकली तर मासिक हप्त्याला 15 दिवस आणि बाकीच्यांना 30 दिवस सवलत असते, हेही तिला पहिल्याच दिवशी सांगा.

जिला मोठा हप्ता झेपतच नाही, तिला भरीला घालू नका. तिला बँकेची किंवा पोस्टाची वाट दाखवा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला 436 रुपयांत आणि सुरक्षा विमा फक्त 20 रुपयांत मिळतो. जीवन ज्योतीत कुठल्याही कारणाने, तर सुरक्षामध्ये अपघाताने मृत्यू झाला तर घरच्यांना 2 लाख मिळतात. त्यातून तुमचं टार्गेट भरणार नाही. पण हीच बाई पुढे हात मोकळा झाला, की तुम्हालाच हाक मारेल.

आता काय करायचं नाही, तेही ऐका.

"कर्ज हवं तर पॉलिसी घे," असं गटात कधीही म्हणू नका. कर्ज गटाचं आहे, एजन्सी तुमची आहे.

"पहिला हप्ता मी भरते" किंवा "कमिशनमधले थोडे तुला देते," असं आमिष दाखवू नका. ते विमा कायद्याच्या कलम 41 खाली गुन्हा आहे, 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

फॉर्म भरताना शुगर, बीपी, झालेलं ऑपरेशन, काही लपवू नका. "लिहू नको, पॉलिसी अडकेल," असं सांगणारी एजंट त्या घराचा घात करते. पहिल्या तीन वर्षांत कंपनी खोटी माहिती दाखवून दावा नाकारू शकते.

आणि कुणाचा हप्ता रोख घेतला, तर त्याच दिवशी भरा, पावती तिच्या हातात द्या. पदराला बांधून दोन दिवस ठेवलेला पैसा संशय आणतो.

पॉलिसीचे कागद आले, की तिच्यासमोर बसून वाचा. पटलं नाही तर कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती पॉलिसी परत करू शकते, हेही सांगा. वारसाचं नाव आधार आणि पासबुकवर जसं आहे तसंच लिहिलंय का, बघा. "सुनिता" आणि "सुनीता" एवढ्या फरकानेही चकरा वाढतात.

तुमची खरी परीक्षा त्या घरात मयत झाल्यावर आहे. तेव्हा न बोलावता जा. मृत्यूचा दाखला, पॉलिसी, वारसाचं पासबुक गोळा करा, दाव्याचा फॉर्म भरून द्या. आलेल्या पैशात एक रुपयाही मागू नका. त्या दिवशी तुम्ही कशा वागलात, हे सगळं गाव बघतं.

या आठवड्यात एवढंच करा. वहीत वीस घरं लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी टिपा: कमावतं कोण, पैसा कोणत्या महिन्यात येतो, आधीचा विमा आहे का. ही वही झाल्यावरच पहिल्या दारात पाऊल टाका.

तुमच्या धंद्याला खूप शुभेच्छा.