वही लिहिताना मध्येच उठायचं



मी आमच्या बचत गटाचा हिशोब लिहिते. आज तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे.

गेल्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. महिन्याचा हिशोब जुळवायचा होता. घरातलं आवरून रात्री नऊला मांडी घालून बसले, ती बारापर्यंत उठलेच नाही. पायाला मुंग्या आल्या, मान आखडली. पण म्हटलं, एकदाचं संपवूनच उठू.

दुसऱ्या दिवशी बैठकीत रोकड मोजली, तर वहीपेक्षा २७० रुपये कमी! कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा खजिनदार ताईंकडे वळल्या. पेटी त्यांच्याकडे असते ना. त्यांचा चेहरा पार उतरला.

मी बाहेर गेले, अंगणात दोन चकरा मारल्या, तोंडावर पाणी मारलं आणि परत वही उघडली. दहा मिनिटांत चूक सापडली. १,२५० रुपयांचा हप्ता मी १,५२० लिहिला होता. लिहिणाऱ्या सख्यांनो, एक खूण लक्षात ठेवा: फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झाली का, ते आधी बघा. २७० ला जातो.

चूक माझी, आणि मान खाली घालायची वेळ आली दुसरीवर. मी तिथंच सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. ती चूक थकव्यानेच झाली, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण ते पान शेवटच्या तासातलं होतं, एवढं खरं.

हे दुखणं जुनंच आहे बरं का. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे इटलीतले एक डॉक्टर होते. कामामुळे होणाऱ्या आजारांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. १७१३ सालच्या आवृत्तीत त्यांनी हिशोब लिहिणाऱ्यांच्या दुखण्यांची तीन कारणं सांगितली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. तीनशे वर्षं झाली, पण वर्णन आपलंच वाटतं!

आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. जणू हातपंपच. पाय मुडपून बसून राहिलं की हा पंप थांबतो.

तुम्ही म्हणाल, "दिवसभर शेतात राबतो, आणखी हालचाल कशाला?" अहो, सकाळी पोटभर जेवलं म्हणून रात्री भूक लागायची राहते का? तीन तास एका जागी बसलं की राबलेलं अंगही आखडतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली हेच सांगितलं: बसणं कमी करा, त्याऐवजी हलकी का होईना, हालचाल करा.

मी आता काय करते, ते सांगते. मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावते. गजर झाला की हातातली नोंद पुरी करते, तिथं पेन्सिलने खूण करते आणि मगच उठते. म्हणजे परत आल्यावर शोधाशोध नाही. दाराची चौकट धरून वीस वेळा टाचा वर-खाली करते. खांदे फिरवते, बोटं उघडते-मिटते. अंगणात जाऊन लांबच्या कडुलिंबाकडे बघते, म्हणजे डोळ्यांनाही विसावा मिळतो. सगळी मिळून तीन-चार मिनिटं. वही आता मांडीवर नाही, चौरंगावर ठेवते, आणि पाठ भिंतीला टेकवते.

गुडघे दुखत असतील किंवा दिवस गेले असतील, तर आधार धरून सावकाश उठा. एकाच पायाला सूज येऊन दुखत असेल, किंवा हातापायाचा बधिरपणा जात नसेल, तर अंगावर काढू नका. दवाखान्यात दाखवा.

शिलाई मशीनवर बसणाऱ्या, अंगणवाडीची माहिती भरणाऱ्या सख्यांनो, हे तुम्हालाही लागू आहे. आणि घरच्यांना सांगा: ही चार मिनिटं घागर भरायला किंवा भांडी घासायला नाहीत. तीही कामातलीच आहेत.

तुमच्या गटाची वही लिहिणारी मध्येच उठली, तर "झालं का गं?" असं विचारू नका. तिला उठू द्या. वहीतला आकडा बरोबर असला, की पेटी सांभाळणारीची मानही ताठ राहते.